शेवटच्या पानावरची तीन विशेषणे

आमच्या या पत्रिकेचे शेवटचे पान वाचक सर्वांत आधी उघडतात, ही गोष्ट संपादकांसही ठाऊक असावी. आम्हीही तेच करतो. कोण गेले, कोणत्या गावी गेले, मूळचे कोठले, मागे कोण कोण आहे, एवढे पाहिल्याखेरीज पहिल्या पानावरील सणाच्या शुभेच्छांकडे आमचे लक्ष वळत नाही. पन्नाशी उलटल्यावर ही सवय अधिकच जडते. त्या पानावर दिवंगत पुरुषांविषयी जो मजकूर येतो, त्यातील तीन शब्द जणू कायमचे जुळवून ठेविलेले असतात: मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल. पत्रिकेचे बरेच जुने अंक आमच्या कपाटात आहेत. मागे एका दुपारी ते चाळीत बसलो असता असे वाटू लागले की, मनमिळाऊ नसलेला एकही वृद्ध गृहस्थ आपल्या समाजात आजवर निधन पावलेला नाही.

यात थट्टेचा हेतू नाही. हे शब्द खोटे असतात असेही आमचे म्हणणे नाही. परंतु आम्ही पेशाने शिक्षक. अध्यापक विद्यालयात असताना निबंध तपासण्याची एक रीत आमच्या गुरुजींनी आम्हांस लावून दिली होती. विद्यार्थ्याने एखादे विशेषण लिहून पुढे धाव घेतली की ते त्याखाली तांबडी रेघ ओढीत आणि समासात दोनच शब्द लिहीत: ‘म्हणजे काय?’ राजा दयाळू होता. म्हणजे काय? गाय गरीब होती. म्हणजे काय? पुढे आम्ही स्वतः तीस वर्षे हीच रेघ मुलांच्या वह्यांत ओढीत आलो. मात्र शेवटच्या पानावरील त्या तीन शब्दांखाली ती ओढण्याचे धाडस आम्हांस कधी झाले नाही. मृत माणसाच्या नावापुढे तांबडी शाई कोण उचलणार?

ती उचलावी असे वाटण्यास दोन गृहस्थ कारण झाले. दोघांचाही संबंध ओमान देशाशी होता, दोघेही १९३६ साली जन्मले, आणि त्या दोघांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही. त्यांपैकी एक जगप्रसिद्ध होते. दुसरे आमचे वडील.

प्रथम प्रसिद्ध गृहस्थांविषयी. शेख कनकसी गोकळदास खिमजी हे १८ फेब्रुवारी २०२१ रोजी परलोकवासी झाले. हिंदू असूनही ‘शेख’ ही पदवी मिळालेले गृहस्थ म्हणून त्यांचे नाव पुष्कळांच्या कानांवर असेल. ही पदवी त्यांना ओमानचे सुलतान काबूस यांनी दिली. त्यांच्या निधनानंतर मस्कतमध्ये आणि हिंदुस्थानात जे मृत्युलेख छापून आले, त्यांतही मनमिळाऊ, कष्टाळू आणि कुटुंबवत्सल हे आपले ओळखीचे तीन शब्द या ना त्या रूपात होतेच. फरक इतकाच की, तेथे प्रत्येक शब्दापुढे ‘म्हणजे काय?’ याचे उत्तरही दिलेले होते.

हे घराणे कच्छच्या मांडवी बंदरातले. कनकसींचे पणजोबा रामदास ठाकरसी हे जहाजाने ओमानच्या किनाऱ्याला जात. इकडून धान्य, चहा व मसाले न्यावयाचे आणि तिकडून खजूर, वाळलेली लिंबे व ऊद आणावयाचा, असा त्यांचा व्यापार. पेढीची स्थापना १८७० सालची धरली जाते. रामदासांचे पुत्र खिमजी, त्यांचे गोकळदास, आणि गोकळदासांचे कनकसी. मस्कतमधील हिंदी व्यापाऱ्यांत हे काही पहिले नव्हेत. कार्स्टेन नीबूर हा प्रवासी १७६५ साली मस्कतला आला, तेव्हा तेथे बाराशे बनिया राहतात अशी नोंद त्याने केली. त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची, घरात मूर्ती ठेवण्याची आणि मृतांना अग्नी देण्याची मोकळीक होती, असेही त्याने लिहून ठेविले आहे. मुसलमानी राज्यातील शहरात इतके हिंदी लोक त्याला दुसरीकडे कोठे आढळले नाहीत. सुलतानाच्या राजवाड्याजवळ आजही शंकराचे जुने देऊळ आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. त्याच मस्कतमध्ये एके काळी यहुदीही होते. बगदादच्या दाऊद पाशाच्या जुलमास कंटाळून १८२८ च्या सुमारास काही यहुदी कुटुंबे तेथे आली, आणि पुढे काही वर्षांनी आलेल्या वेल्स्टेड या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याविषयी लिहिले. त्याच पाशाच्या छळामुळे डेव्हिड ससून यांनी बगदाद सोडले आणि बुशायरमार्गे ते मुंबईस पोहोचले. म्हणजे ज्या वाऱ्याने पुण्याचे लाल देऊळ आणि भायखळ्याचे मागेन डेव्हिड आपल्याला दिले, त्याच वाऱ्याने काही घरे मस्कतच्या खडकाळ किनाऱ्यावर नेऊन टाकिली. मस्कतची ती घरे पुढे पांगली. ओमानमध्ये सोहार येथे यहुदी कबरी आहेत, त्यांपलीकडे फारसे काही उरले नाही. कच्छची माणसे मात्र टिकली. ती कशामुळे टिकली हा प्रश्न आपल्यासारख्या, दोन देशांत पाय असलेल्या समाजाने विचारण्याजोगा आहे.

कनकसींचा जन्म मस्कतचा, शिक्षण मुंबईचे. १९७० साली पेढीची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्याच वर्षी जुलै महिन्यात सुलतान काबूस गादीवर आले. तत्पूर्वीचा ओमान कसा होता, याची कल्पना आजच्या मुलांना येणे कठीण आहे. सूर्यास्तानंतर तीन तासांनी मस्कतचे दरवाजे बंद होत, आणि त्यानंतर रस्त्यावर निघणाऱ्याने कंदील हाती धरलाच पाहिजे असा दंडक होता. डांबरी रस्ता दहा किलोमीटरांच्या आसपास. बाजारात रुपया चाले. १९५९ पासून आखातासाठी आपल्या रिझर्व्ह बँकेने वेगळी छापलेली रुपयाची नोटच तेथे व्यवहारात होती, आणि ओमानचे स्वतःचे नाणे १९७० साली आले. आम्हा शिक्षकांच्या मनास सर्वांत लागणारी गोष्ट वेगळीच आहे. साऱ्या देशात शाळा होत्या तीन, आणि त्यांत शिकणारी मुले हजाराच्या आत.

असा देश एकाएकी उघडला तेव्हा रस्ते, बंदरे, इस्पितळे बांधण्यासाठी माणसे हवी होती, आणि ती हजारोंनी गेली ती केरळातून, गुजरातेतून आणि आपल्या कोकणातून. व्यापाऱ्याला तो सुवर्णकाळच. खिमजी रामदास पेढीने त्यात पैसा मिळविला, पुष्कळ मिळविला. त्याबद्दल आम्हांस काही सांगावयाचे नाही. व्यापारी पैसा मिळवितो, शिक्षक मिळवीत नाही, ही जगाची रीत आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते पैशाबाहेरील गोष्टींचे.

पहिली गोष्ट शाळेची. १९७५ साली मस्कतमध्ये हिंदी मुलांसाठी शाळा उभी राहिली, आणि तिच्या उभारणीत कनकसी पुढे होते. हे काम वाचायला सोपे वाटते. ज्याने शाळा चालविली आहे त्यास ठाऊक असते की, जागा, परवाने, शिक्षकांचा व्हिसा, पुस्तकांची पेटी, आणि फी भरू न शकणाऱ्या बापाची समजूत, यांपैकी एकही गोष्ट एका बैठकीत मिटत नाही. पन्नास बैठका लागतात. त्यांपैकी चाळीस बैठकांत कोणी ना कोणी रुसलेले असते. एका बाजूला सरकारी अधिकारी, दुसऱ्या बाजूला आपलीच माणसे, आणि आपली माणसे म्हणजे मल्याळी, गुजराती, पंजाबी, तमिळ, मराठी, प्रत्येकाची भाषा निराळी आणि तक्रारही निराळी. अशा ठिकाणी पन्नासाव्या बैठकीलाही जो माणूस वेळेवर येऊन बसतो आणि चेहरा आंबट करीत नाही, त्याला मनमिळाऊ म्हणतात. हा स्वभाव नव्हे. हे काम आहे, आणि गोदीतल्या कामाइतकेच थकविणारे आहे.

दुसरी गोष्ट क्रिकेटची. १९७९ साली ओमानमध्ये क्रिकेटची संघटना बांधली गेली, तिचे कनकसी संस्थापक अध्यक्ष. त्या देशात तेव्हा हिरवळ ती कोठली! खडीच्या मैदानावर मध्ये चटई अंथरून मजुरांचे व कारकुनांचे संघ शुक्रवारी खेळत. चाळीस वर्षे हा गृहस्थ त्या खेळामागे उभा राहिला. २०११ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने त्यांच्या प्रदीर्घ सेवेचा गौरव केला. २०१६ च्या मार्चमध्ये हिमाचलातील धरमशाला येथे ओमानच्या संघाने विश्वचषकात आयर्लंडला हरविले, तेव्हा त्या संघातील कितीतरी खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणारे होते. पुढे साथीच्या रोगामुळे २०२१ ची विश्वचषक स्पर्धा हिंदुस्थानातून हलविली गेली, आणि १७ ऑक्टोबर रोजी तिचा पहिला सामना मस्कतजवळच्या अल अमरातच्या मैदानावर झाला. पापुआ न्यू गिनीच्या १२९ धावा ओमानने एकही गडी न गमावता ओलांडल्या. हिरवळीचे मैदान, दिव्यांचा झगमगाट, साऱ्या जगाचे लक्ष. कनकसींना जाऊन तेव्हा जवळजवळ आठ महिने झाले होते.

आता शेख या पदवीविषयी. आपल्यापैकी काहींना वाटते की, ही रावसाहेब-रावबहादूर अशा थाटाची शोभेची पदवी असावी. अरब समाजात शेख म्हणजे समाजाचा वडीलधारा: भांडण मिटविणारा, आपल्या माणसांचे म्हणणे राज्यकर्त्यापर्यंत नेणारा आणि राज्यकर्त्याचे म्हणणे आपल्या माणसांच्या गळी उतरविणारा. जुन्या पिढीतील वाचकांस गावच्या सिनेगॉगचे (आपली आजी त्याला मशीदच म्हणे) मुकादम आठवत असतील. दोन भावांत घराच्या भिंतीवरून वाद झाला की, प्रकरण कचेरीत जाण्यापूर्वी मुकादमाच्या ओटीवर यायचे. शेखाचे कामही साधारण तशाच जातीचे. ते परदेशातून आलेल्या, दुसऱ्या धर्माच्या घराण्यातील माणसाकडे सोपविले गेले, आणि त्यासाठी त्याला स्वतःचे देऊळ, स्वतःची भाषा किंवा स्वतःचे नाव सोडावे लागले नाही. ओमानी पोशाख घालून हा माणूस हिंदूच राहिला आणि ओमानीही झाला. २००३ साली हिंदुस्थान सरकारने प्रवासी भारतीय सन्मान प्रथमच दिले, त्या पहिल्या मानकऱ्यांतही त्यांचे नाव होते. दोन्ही घरांनी ‘हा आमचा’ म्हणावे, हे भाग्य थोड्यांच्या वाट्यास येते.

येथपर्यंत वाचून एखादा स्पष्टवक्ता वाचक म्हणेल, ‘मास्तर, ते श्रीमंत होते. श्रीमंताचा मनमिळाऊपणा पेपरात छापून येतो. आमच्या बापाचा कोण छापणार?’

हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळू इच्छीत नाही. ओमानात आज सहा-सात लाख हिंदी लोक राहतात. त्यांपैकी बहुतेकांच्या मरणाची बातमी कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही. पेटी विमानातून येते, गावची चार माणसे विमानतळावर जातात, संपले. श्रीमंताची कृत्ये कागदावर राहतात, कारण त्याच्यापाशी संस्था असतात आणि संस्थांपाशी दप्तरे असतात. गरिबाचे दप्तर म्हणजे त्याच्या सोबत्यांची स्मरणशक्ती. सोबती गेले की दप्तर जळाले. आणि म्हणूनच आम्ही दुसऱ्या गृहस्थांकडे वळतो.

आमचे वडील यंत्रकाम शिकलेले. गिरणीतली नोकरी सुटल्यावर १९७७ साली ते मस्कतला गेले आणि १९८९ पर्यंत, बारा वर्षे, तेथे राहिले. पाणी उपसून शहरास पुरविणाऱ्या एका यंत्रघरात त्यांची पाळी असे. दर दोन वर्षांनी सुटीवर येत तेव्हा ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत दुधाच्या भुकटीचे डबे, साबणाच्या वड्या आणि एकदा एक टेपरेकॉर्डर आल्याचे आठवते. आम्ही शिकलो ते त्यांच्या ड्राफ्टवर. पुढे १९९६ साली सारे कुटुंब इस्राएलात आले, आणि २०२२ च्या हिवाळ्यात वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी अश्दोद येथे ते वारले. या पत्रिकेच्या शेवटच्या पानावर त्यांचा फोटो आला. खाली मजकूर होता: मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल. तो आम्हीच लिहून दिला होता. मुलांच्या वह्यांत तीस वर्षे तांबडी रेघ ओढणाऱ्या मास्तरास स्वतःच्या बापाविषयी एवढेच सुचले.

दुखवट्याच्या सातांपैकी पाचव्या दिवशी रत्नागिरीकडून फोन आला. बोलणारे गृहस्थ मुसलमान, वय ऐंशीच्या घरात. मस्कतच्या त्या यंत्रघरात आमच्या वडिलांचे सोबती. नातवाने मोबाईलवर बातमी दाखविली म्हणून त्यांनी नंबर शोधून काढला होता. प्रथम त्यांनी रीतीप्रमाणे विचारपूस केली, आणि मग म्हणाले, ‘‘बाळ, तुझ्या वडिलांनी माझा जुम्मा कधी चुकू दिला नाही. तुला हे सांगितलं होतं का त्यांनी?’’

आम्हांस काहीच ठाऊक नव्हते. मग त्यांनी सारी हकीकत सांगितली. ओमानात त्या काळी सुटी शुक्रवारची. परंतु पाण्याचे यंत्र सुटी घेत नाही. शुक्रवारीही कोणीतरी पाळीवर असावेच लागे. नमाजाच्या वेळी पाळी पडली की सगळ्यांचीच कुचंबणा. आमचे वडील गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मुकादमास सांगितले की, शुक्रवारची दिवसपाळी कायमची माझ्या नावावर लावा. सोबत्यांना वाटले, या माणसाला जादा पैसे हवे आहेत. काही आठवड्यांनी या रत्नागिरीकरांनी त्यांना एकांतात गाठून कारण विचारले. तेव्हा वडिलांनी सांगितले की, मला शनिवार मोकळा हवा आहे, आणि का हवा आहे तेही सांगितले. आडनाव आपल्या सर्वांसारखेच, गावावरून पडलेले, ‘कर’ लागलेले. त्यावरून त्यांना कोणी हिंदू समजे, कोणी ख्रिस्ती. खरे काय ते या एका माणसाला कळले. त्या दिवसापासून त्यांच्या शनिवारच्या पाळ्या या गृहस्थांनी आणि त्यांच्या गावच्या आणखी दोघांनी आपसांत वाटून घेतल्या. पुढे बारा वर्षे एकाचा शुक्रवार दुसऱ्याने सांभाळला आणि दुसऱ्याचा शनिवार पहिल्याने. कोठे लिहून ठेविलेले नव्हते. मुकादमाला वाटे, कोकणी माणसांची ही काही तरी आपसांतली अदलाबदल आहे.

फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ गप्प बसून होतो. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतो म्हणून ज्या समाजास कोकणात ‘शनवार तेली’ हे नाव पडले, त्या समाजातील एक माणूस अरबस्तानच्या कडेला पाण्याच्या यंत्रापाशी बसून तोच घाणा बंद ठेवीत होता, आणि तो बंद राहावा म्हणून तीन मुसलमान शनिवारी यंत्र चालवीत होते. त्यासाठी आमच्या वडिलांनी बारा वर्षे आपली शुक्रवारची सुटी दिली. इतर सारे समुद्रावर जात, खडीच्या मैदानावर क्रिकेट खेळत, तेव्हा ते यंत्रघरात असत. शनिवारी त्यांना सुटी मिळे तेव्हा बाकीचे कामावर. म्हणजे त्यांचा शब्बाथ एकट्याचाच. हे त्यांनी घरी कधी सांगितले नाही. आम्ही लहानपणी त्यांना एकदा पत्रातून विचारल्याचे आठवते की, तुम्ही तेथे क्रिकेट खेळता का? ‘वेळ मिळत नाही,’ असे उत्तर आले होते.

कनकसी खिमजी आणि आमचे वडील यांची बरोबरी करण्याचा आमचा विचार नाही. एकाने आपला धर्म सुलतानाच्या दरबारात उघडपणे नेला आणि त्याचा मान राखला गेला. दुसऱ्याने तो तीन सोबत्यांपलीकडे कोणाला कळू दिला नाही, कारण त्या वर्षांत तसे करणेच शहाणपणाचे होते. पुढे काळ पालटला. १९९४ च्या डिसेंबरात पंतप्रधान राबीन मस्कतला जाऊन आले, १९९६ साली तेथे इस्राएलची व्यापार कचेरी निघाली, आणि २००० साली ती बंदही झाली. वडील या बातम्या दूरदर्शनवर पाहत आणि काही बोलत नसत. आम्हांस वाटे, म्हातारपणी माणूस बोलेनासा होतो. या मौनाचा अर्थ निराळा असू शकेल, हे आम्हांस तेव्हा सुचले नाही. बातमी संपल्यावर ‘तेथे तुमचे शनिवार कसे जात?’ एवढा एक प्रश्न आम्ही विचारला असता, तर पाण्याचे यंत्रघर त्याच संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात आले असते.

तरीही एक गोष्ट दोघांत समान दिसते. मनमिळाऊपणा ही दोघांची नुसती गोड प्रकृती नव्हती. आमचे वडील तर, खरे सांगावयाचे तर, घरी पुष्कळदा तिरसट असत. तो दोघांचा रोजचा उद्योग होता. परक्या भूमीवर राहणाऱ्या माणसाला शेजारी आपसूक मिळत नाही; तो मिळवावा लागतो, आणि मिळविल्यावर आपल्या सुटीचे मोल देऊन सांभाळावा लागतो. कच्छची माणसे मस्कतला का टिकली, या मघाच्या प्रश्नाचे सारे उत्तर यात नसेल. व्यापार, राजाश्रय, देशाची रीत, ही कारणे आहेतच. परंतु त्या उत्तराचा एक भाग रत्नागिरीच्या त्या फोनवर आम्हांस ऐकू आला, असे आमचे मत आहे.

यावरून संपादकांस आणि समाजबांधवांस आमची एक सूचना आहे. शेवटच्या पानासाठी मजकूर पाठविताना विशेषणे खुशाल लिहावीत; पण त्यांपैकी निदान एका शब्दापुढे घडलेली एखादी गोष्ट लिहावी. कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, कोणत्या यंत्रावर, कोणाबरोबर. जागेची अडचण होत असेल तर शुभेच्छांच्या जाहिराती थोड्या आखडत्या घ्याव्यात. घरच्यांना ती गोष्ट ठाऊक नसेल, तर ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारावे. त्यांतले पुष्कळ जण मुंबईत, रत्नागिरीत, कोचीनला, कराचीलाही असतील, आणि आपले वाचकही नसतील. आणि ज्यांचे वडील अजून खुर्चीवर बसून सकाळचा चहा पीत आहेत, त्यांनी तर फोनची वाट पाहूच नये. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पनवेलकडचे एक गृहस्थ राहतात. रेल्वेत होते एवढेच आम्हांस ठाऊक आहे. येत्या मंगळवारी आम्ही वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत. कशासाठी येणार हे त्यांना सांगितलेले नाही, चहाला येतो एवढेच म्हटले आहे.

२०२२ च्या हिवाळ्यातील अंकात छापलेला मजकूर अपुरा होता. त्यात आम्ही पुढीलप्रमाणे दुरुस्ती करू इच्छितो, आणि संपादकांनी ती शेवटच्या पानावर जागा होईल तेव्हा घ्यावी:

‘आमचे वडील १९७७ ते १९८९ मस्कत येथे पाणीपुरवठ्याच्या यंत्रघरात कामास होते. त्यांनी बारा वर्षे दर शुक्रवारी दिवसपाळी केली. त्यांच्या शनिवारच्या पाळ्या रत्नागिरी जिल्ह्यातील तीन सोबत्यांनी केल्या. त्यांपैकी दोघे आता हयात नाहीत. तिसऱ्यांची प्रकृती बरी असून, दर शुक्रवारी दुपारी नमाजाहून आल्यावर ते आम्हांस फोन करतात.’